खिडकीबाहेर न बघणारा प्रवासी

मंडळी, आज आपण ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ बघणार आहोत, १९५६ सालचा. खेळाआधी चार शब्द बोलायला मला उभं केलंय, ते मी सिनेमातला जाणकार आहे म्हणून नव्हे. भुसावळला रेल्वेत आयुष्य गेलं, आणि ज्यूल व्हर्नच्या मूळ फ्रेंच कादंबरीतली गाडी आमच्याच रुळांवरून जाते, म्हणून. भुसावळचं नाव मात्र त्या गृहस्थानं लिहिलेलं नाही, हा राग आहेच.

कादंबरी १८७२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात पॅरिसच्या एका दैनिकात क्रमशः आली. गोष्टीतला फिलिअस फॉग त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लंडनहून निघतो. म्हणजे वाचकांनी गोष्ट वाचायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं. ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारून परत येईन अशी त्याची पैज, वीस हजार पौंडांची. २० ऑक्टोबरला संध्याकाळी साडेचारला ‘मंगोलिया’ बोट मुंबईला लागते, दोन दिवस आधीच. कलकत्त्याची गाडी रात्री आठला. मधल्या साडेतीन तासांत हा माणूस काय करतो? पासपोर्टवर शिक्का मारून घेतो आणि स्टेशनात जेवायला बसतो. टाऊन हॉल नाही, घारापुरी नाही, काही नाही. ताटात ससा म्हणून काहीतरी येतं. फॉग मालकाला बोलावून शांतपणे विचारतो, याला मारलं तेव्हा हा म्याँव म्हणाला नाही का? मुंबईचं एवढंच दर्शन!

गाडी कल्याणला येते. तिथून खंडाळा-पुण्याकडे फाटा जातो, हेही व्हर्ननं नोंदवलंय. मग घाट, रात्रीतून नाशिक, सकाळी खानदेश. आणि आता ऐका, इंजिनाचा धूर कशाकशावर पसरतो ते: कापूस, कॉफी, जायफळ, लवंग, मिरी! कापूस ठीक आहे हो. पण खानदेशात जायफळ? तो इथं कधी आलाच नव्हता. नकाशे, वेळापत्रकं आणि प्रवासवर्णनं टेबलावर पसरून लिहीत होता. मालेगावनंतर जवळच वेरूळ आणि औरंगाबाद आणून ठेवतो. माझ्यासारख्या रेल्वेवाल्याला आणखी एक खटकतं. अलाहाबादच्या अलीकडे रूळच संपतात, पन्नास मैल घातलेलेच नाहीत, म्हणून दोन हजार पौंडांना हत्ती घ्यावा लागतो. प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता मार्ग १८७० च्या मार्चमध्येच जोडला गेला होता. पण रूळ पूर्ण घातले असते तर हत्ती कुठून आला असता? तेव्हा माफ.

आता सिनेमा. निर्माता मायकेल टॉड, दिग्दर्शक मायकेल अँडरसन. टॉडकडे टॉड-एओ नावाचं नवं तंत्र होतं. कॅमेऱ्यात ६५ मिलिमीटरची फिल्म, सेकंदाला चोवीसऐवजी तीस चौकटी, म्हणजे भल्यामोठ्या वळणदार पडद्यावर चित्र थरथरत नाही. घरोघरी टीव्ही आले होते, त्यांच्यासमोरून माणसं उठवून थिएटरात आणायची होती. असा पडदा हाताशी असताना खिडकीबाहेर न बघणारा नायक काय कामाचा?

म्हणून फुगा आला. पोस्टरवर असतो तोच. कादंबरीत फॉग फुग्यात बसतच नाही. अटलांटिक ओलांडायची वेळ येते तेव्हा फुग्याचा विचार व्हर्न एका वाक्यात मोडीत काढतो: धोक्याचं, शिवाय न जमणारं. फुग्याची गोष्ट त्यानं १८६३ मध्येच वेगळ्या पुस्तकात लिहून टाकली होती. पण सिनेमात आल्प्सवरून जाताना शिखरावरचा बर्फ हातानं ओरबाडून शॅम्पेनची बाटली गार करतात. ते दृश्य बघून मीसुद्धा व्हर्नला विसरलो, खोटं कशाला बोलू.

फुगा स्पेनमध्ये उतरतो, कारण नोकर पासपार्तूचं काम कँटिन्फ्लास करतोय. मेक्सिकोचा सगळ्यात लाडका विनोदवीर, आणि बैलझुंजीची नक्कल ही त्याची हातखंडा गोष्ट. डेव्हिड निवेन फॉग म्हणून फर्मास आहे, ताठ, इस्त्री केलेला, पण सिनेमा नोकराचा झालाय. एका अर्थी बरोबरच आहे. पुस्तकातही मुंबई बघायला बाहेर पडतो तो नोकरच. मलबार हिलच्या देवळात बुटांसकट शिरतो, मार खातो आणि अनवाणी गाडी गाठतो.

मला सलते ती औदा, हिंदुस्थानात सती जाताना फॉगची मंडळी जिला वाचवतात ती. पुस्तकात ती मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी. इथं शर्ली मॅक्लेन, अमेरिकन, रंग फासून राजकन्या. सिनेमा मी दोनदा बघितलाय, आणि तिच्या चितेच्या प्रसंगात दोन्ही वेळा पाणी प्यायला उठलो.

बाकी चाळीसेक नामवंत चेहरे क्षणभर येऊन जातात. हिंदुस्थानातला रेल्वे अधिकारी म्हणजे रोनाल्ड कोलमन, तेवढा चुकवू नका. आमच्या खात्याचा माणूस. चित्रपटाला पाच ऑस्कर मिळाली, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं धरून. संगीताचं व्हिक्टर यंगला, पण तोवर तो गेला होता.

शेवट सांगत नाही. पूर्वेकडे जाताना घड्याळाचं काय होतं, एवढं डोक्यात ठेवा. आणि पुस्तक मिळालं तर बऱ्हाणपूरचं पान काढा. साडेबाराला गाडी थांबते आणि अनवाणी पासपार्तू खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो. ऐटीत घालून डब्यात येतो. त्या सपाता आज पडद्यावर दिसायच्या नाहीत.

हं, घालवा दिवे.