भविष्य विकावे की राखावे? शिकागोच्या दोन बेसबॉल संघांचा हिशेब

नमस्कार. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये जुलै महिना संपत आला, की तीसही संघांच्या कार्यालयांत एका प्रश्नावर रात्रंदिवस खल सुरू होतो. यंदा विजेतेपदाची संधी दिसत असेल, तर आपल्याकडचे होतकरू तरुण खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन त्यांच्या बदल्यात एखादा तयार, नावाजलेला खेळाडू आणावा का? की यंदाचा मोह सोडून ते तरुण जपावेत, आणि वेळ पडल्यास आपलेच नावाजलेले खेळाडू विकून संघ तळापासून नव्याने बांधावा? या प्रश्नाचे उत्तर मी आज शिकागो या एकाच शहरात शोधणार आहे. तिथे दोन संघ आहेत, उत्तर भागातला कब्ज आणि दक्षिण भागातला व्हाइट सॉक्स. आणि २०१६ च्या उन्हाळ्यात साधारण सात आठवड्यांच्या अंतराने या दोघांनीही आपला एकेक कोवळा खेळाडू विकला. कब्जला त्यातून विजेतेपद मिळाले. व्हाइट सॉक्सच्या हाती काहीच लागले नाही.

आधी यंत्रणा समजून घेऊ, कारण क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती थोडी अनोळखी वाटते. मुंबईच्या रणजी संघात घडलेला खेळाडू आयपीएलमध्ये कोणत्याही संघाकडून खेळू शकतो. त्याला घडवणारी संघटना वेगळी आणि लिलावात घेणारा संघ वेगळा. बेसबॉलमध्ये मात्र तरुणाला घडवण्याचा खर्च आणि पुढे त्याला खेळवण्याचा हक्क एकाच संघाकडे असतो. प्रत्येक मेजर लीग संघाच्या हाताखाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए अशा चार पायऱ्यांवरचे संघ असतात, त्यांच्याही खाली अगदी नवख्यांचे संघ असतात, आणि डोमिनिकन रिपब्लिकमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी अकादमी असते. या सगळ्या उतरंडीला फार्म सिस्टम म्हणतात. सेंट लुइस कार्डिनल्सचे ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात ती उभी करायला सुरुवात केली, कारण श्रीमंत संघांशी स्पर्धा करून तयार खेळाडू विकत घेणे त्यांच्या संघाला परवडणारे नव्हते.

या यंत्रणेचे खरे मोल पैशांच्या हिशेबात आहे. खेळाडू मेजर लीगमध्ये आला, की सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत त्याच्यावर संघाचा हक्क राहतो. त्यातली पहिली तीनेक वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो (हे किमान वेतन २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होते), पुढची वर्षे लवादाच्या पद्धतीने वेतन वाढत जाते, आणि त्यानंतरच तो मोकळा होऊन कोणत्याही संघाशी करार करू शकतो. अव्वल दर्जाच्या मोकळ्या खेळाडूसाठी वर्षाला दोन-तीन कोटी डॉलर मोजावे लागतात. म्हणजे फार्ममधला तरुण खेळाडू ही सहा वर्षांच्या स्वस्त आणि उत्तम खेळाची शक्यता असते. ती केवळ शक्यता असते, हे विसरून चालत नाही. मायनर लीगमधले बहुसंख्य खेळाडू मेजर लीगचे मैदान कधीच पाहत नाहीत, आणि होतकरूंच्या याद्यांत वरच्या क्रमांकावर असलेलेही अनेक जण वर येऊन टिकत नाहीत.

आता कब्जकडे येऊ. या संघाने १९०८ नंतर वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपद ठरवणारी अंतिम मालिका, जिंकलेली नव्हती. ऑक्टोबर २०११ मध्ये थिओ एपस्टाइन यांनी सूत्रे हाती घेतली आणि संपूर्ण पुनर्बांधणीचा मार्ग धरला. २०१२ मध्ये संघ १०१ सामने हरला, पुढची दोन वर्षेही तळाशीच गेली. पण त्या पराभवांच्या काळात एकेक माणूस जमत होता. सॅन दिएगोकडून अँथनी रिझो आला, टेक्सासला रायन डेम्पस्टर देऊन काइल हेंड्रिक्स मिळाला, बाल्टिमोरकडून जेक अरिएटा आला, ओकलंडकडून ॲडिसन रसेल आला. खराब कामगिरीमुळे ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, वरचा क्रमांक मिळाला, त्यातून २०१३ मध्ये क्रिस ब्रायंट आणि २०१४ मध्ये काइल श्वार्बर हाती लागले. आणि मग, ही बाब पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे म्हणून मुद्दाम सांगतो, तरुण तयार होत आहेत असे दिसताच मालकांनी तिजोरी उघडली. डिसेंबर २०१४ मध्ये जॉन लेस्टर या पिचरशी, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूशी, सहा वर्षांचा १५ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला.

(पडद्यावर : २५ जुलै २०१६)

या दिवशी कब्ज लीगमधल्या सर्वांत बलवान संघांपैकी एक होता. त्या मोसमात त्याने पुढे १०३ सामने जिंकले. उणीव एकच होती, सामन्याच्या शेवटच्या, म्हणजे नवव्या डावात प्रतिस्पर्ध्याला रोखणारा हुकमी क्लोझर नव्हता. न्यूयॉर्क यांकीजकडे अरोल्डिस चॅपमन होता, त्याचा करार मोसमाअखेर संपणार होता, आणि यांकीजने त्याच्या बदल्यात ग्लेबर टोरेस मागितला, जो १९ वर्षांचा असून कब्जच्या फार्ममधला सर्वाधिक मानला जाणारा खेळाडू होता. कब्जने टोरेस दिला, त्याच्यासोबत आणखी तिघे दिले. अवघ्या काही महिन्यांच्या सेवेसाठी दिलेली ही किंमत अनेकांना अवाढव्य वाटली, आणि आकड्यांच्या दृष्टीने ती खरोखरच अवाढव्य होती.

तरीही हा सौदा योग्य होता, असे माझे ठाम मत आहे, आणि ते मत निकालावर आधारलेले नाही. टोरेस शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक होता, आणि कब्जकडे त्या जागेसाठी २२ वर्षांचा रसेल आणि २३ वर्षांचा हावियर बाएझ आधीच खेळत होते. म्हणजे त्या संघाने जे दिले, त्याची त्याच्याकडे वानवा नव्हती. आणि जे घेतले, त्याची अत्यंत निकड होती. पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. वर्ल्ड सिरीजमध्ये क्लीव्हलंडविरुद्ध १-३ असे मागे पडलेल्या कब्जने मालिका सातव्या, म्हणजे निर्णायक सामन्यापर्यंत नेली. त्या सामन्याच्या आठव्या डावात थकलेल्या चॅपमनला राजाई डेव्हिसने होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका मारून बरोबरी साधली, आणि दहाव्या, म्हणजे जादा डावात कब्जने ८-७ अशी बाजी मारली. ज्याच्यासाठी एवढी किंमत मोजली, तोच खेळाडू निर्णायक क्षणी डगमगला. पण पाचव्या सामन्यात त्याने आठ फलंदाज बाद केले नसते, तर सातवा सामना झालाही नसता असे मानायला जागा आहे.

या सौद्याची एक काळी बाजूही आहे आणि ती टाळून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. घरगुती हिंसाचाराबाबतच्या लीगच्या धोरणाखाली चॅपमनवर त्याच मोसमाच्या आरंभी ३० सामन्यांची बंदी घालण्यात आली होती. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला नव्हता, तरी अनेक कब्ज चाहत्यांना विजेतेपदाच्या आनंदात ही बोच कायम राहिली. होतकरू खेळाडूंच्या रूपात मोजलेली किंमत हीच एखाद्या सौद्याची संपूर्ण किंमत असते असे नाही.

आता त्याच शहराच्या दक्षिण भागात जाऊ आणि सात आठवडे मागे जाऊ. व्हाइट सॉक्सने २०१६ च्या मोसमाची सुरुवात २३ विजय आणि १० पराभव अशी झोकात केली होती, पण मे महिन्यात संघाची घसरण सुरू झाली. ४ जून रोजी त्यांनी सॅन दिएगोकडून जेम्स शील्ड्स हा ३४ वर्षांचा पिचर घेतला. चारच दिवसांपूर्वी सिॲटलने शील्ड्सविरुद्ध तीन डावही पूर्ण होण्याआधी १० धावा काढल्या होत्या. त्याच्या बदल्यात व्हाइट सॉक्सने दिलेल्या दोघांपैकी एक होता फर्नांडो टाटिस ज्युनियर. तेव्हा तो १७ वर्षांचा होता, त्याला आदल्या वर्षी ७ लाख डॉलर देऊन करारबद्ध केले होते, आणि त्याने व्यावसायिक सामना एकही खेळलेला नव्हता. २०२१ मध्ये त्याने सॅन दिएगोसाठी ४२ होमरन मारले. शील्ड्स व्हाइट सॉक्ससाठी अपयशी ठरला आणि संघाने तो मोसम ७८ विजय, ८४ पराभव असा संपवला.

टाटिस इतका मोठा होईल हे त्या दिवशी कोणालाच सांगता आले नसते, असा बचाव या सौद्याच्या बाजूने नेहमी केला जातो, आणि तेवढ्यापुरता तो खराही आहे. पण माझा आक्षेप टाटिसवर अवलंबून नाही. घसरणीला लागलेला, अनेक जागी कच्चा असलेला संघ एका उतारवयातल्या पिचरमुळे विजेता होणार नव्हता, हे ४ जूनलाही दिसत होते. तेहतीस सामन्यांच्या चांगल्या सुरुवातीवरून संघाने स्वतःची ताकद जोखली, आणि तिथेच चूक झाली. कब्जने दिलेला टोरेस यांकीजकडून २०१८ आणि २०१९ अशी दोन वर्षे ऑल-स्टार, म्हणजे मोसमातल्या निवडक अव्वल खेळाडूंपैकी एक ठरला, तरी तो सौदा टिकतो. टाटिस पुढे कधीच चमकला नसता, तरी शील्ड्सचा सौदा टिकला नसता.

त्या वर्षाच्या शेवटी व्हाइट सॉक्सने दिशा पूर्ण बदलली. डिसेंबर २०१६ मध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत त्यांनी क्रिस सेल हा अव्वल पिचर बॉस्टनला आणि ॲडम ईटन वॉशिंग्टनला देऊन योआन मोंकाडा, मायकल कोपेक, लुकास जिओलिटो असे होतकरू मिळवले. जुलै २०१७ मध्ये तर त्यांनी होसे किंताना हा पिचर शहरातल्याच कब्जला दिला आणि त्याच्या बदल्यात एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीस हे दोघे घेतले. त्या काळात व्हाइट सॉक्सच्या फार्मची गणना लीगमधल्या सर्वोत्तम फार्ममध्ये होत असे, आणि ही पुनर्बांधणी कब्जच्या वाटेनेच जाणार, अशी सर्वांची समजूत होती.

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण पुनर्बांधणीच्या समर्थकांनी या प्रकरणाचा पुरेसा विचार केलेला मला दिसत नाही. हे होतकरू वाया गेले, असे अजिबात झाले नाही. हिमेनेझने २०१९ मध्ये पहिल्याच मोसमात ३१ होमरन मारले, जिओलिटोने २०२० मध्ये नो-हिटर टाकला, म्हणजे पूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही यशस्वी फटका मारू दिला नाही, आणि सीस सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या २०२२ च्या मतदानात दुसरा आला. २०२१ मध्ये संघाने ९३ सामने जिंकून आपला विभागही जिंकला. आणि तरीही मोसमानंतरच्या बाद सामन्यांत २०२० मध्ये पहिल्या फेरीत आणि २०२१ मध्ये ह्यूस्टनकडून हरून त्यांचे काम आटोपले. त्यानंतर २०२३ मध्ये १०१ पराभव, आणि २०२४ मध्ये १२१ पराभव. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सच्या १२० पराभवांचा आधुनिक काळातला विक्रमही मागे पडला.

असे का झाले? पहिली फळी वर आली, पण तिच्या मागे दुसरी फळी नव्हती. हिमेनेझ आणि त्याच फळीतला लुईस रॉबर्ट दुखापतींनी वारंवार बाहेर बसत राहिले आणि त्यांच्या जागी खेळवण्याजोगा माणूस फार्ममध्ये तयार नव्हता. जो निक मॅड्रिगल ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला होता, तो जुलै २०२१ मध्ये क्रेग किंब्रेल या क्लोझरसाठी पुन्हा कब्जलाच दिला गेला, आणि किंब्रेल तिथे अपयशी ठरला. शिवाय कब्जच्या मालकांनी लेस्टरसाठी जे केले, ते व्हाइट सॉक्सच्या मालकांनी कोणासाठीच केले नाही. या संपूर्ण काळात त्यांचा सर्वांत मोठा करार साडेसात कोटी डॉलरचा होता. हरण्याची तयारी दाखवणे सोपे असते. हरून मिळालेल्या तरुणांभोवती वेळेवर खर्च करण्याची तयारी नसेल, तर प्रेक्षकांनी सोसलेली ती वर्षे फुकट जातात. आणि ज्या सेलला विकून हे सारे सुरू झाले, त्यानेच २०१८ च्या वर्ल्ड सिरीजमधला शेवटचा फलंदाज बाद करून बॉस्टनला विजेतेपद मिळवून दिले.

मग कब्जने किंतानासाठी हिमेनेझ आणि सीस दिले ते बरोबर होते का? २०१७ च्या जुलैमध्ये त्यांचा संघ गतविजेता होता आणि किंतानाचा करार स्वस्त व अनेक वर्षांचा होता, त्यामुळे त्यामागचा विचार मला समजतो. पण टोरेसनंतर वर्षभरातच आणखी दोन उत्तम तरुण गेल्यावर फार्म रिकामा झाला, आणि ब्रायंट, रिझो, बाएझ यांचे करार संपत आले तेव्हा त्यांची जागा घेणारे कोणी उरले नव्हते. जुलै २०२१ मध्ये दोन दिवसांत हे तिघेही विकले गेले. बाएझच्या बदल्यात मेट्सकडून आलेला पीट क्रो-आर्मस्ट्राँग तेव्हा खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता आणि मायनर लीगमध्ये केवळ सहा सामने खेळला होता. त्याने २०२५ मध्ये ३१ होमरन मारले आणि ३५ बेस चोरले, म्हणजे फटका नसतानाही धावत पुढचा बेस गाठला.

या सगळ्या चर्चेत खेळाडूंच्या बाजूचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून तो इथे करतो. मेजर लीगमध्ये दहा वर्षे आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूलाच आपला सौदा नाकारण्याचा हक्क आपोआप मिळतो. सतरा वर्षांच्या मुलाला तो नसतो. कोणत्या शहरात राहायचे, कोणत्या प्रशिक्षकाकडे शिकायचे, हे दुसरेच ठरवतात. २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू संघटनेत आले आणि पुढच्या वर्षी पहिला सामूहिक करार झाला, तेव्हा कुठे त्यांचे वेतन जगण्याजोगे होऊ लागले.

शेवटी अगदी अलीकडचा सौदा पाहू. डिसेंबर २०२४ मध्ये कब्जने ह्यूस्टनकडून काइल टकर हा फलंदाज घेतला. त्याच्या कराराचे एकच वर्ष उरले होते, आणि त्याच्यासाठी दिलेल्या तिघांत त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडलेला कॅम स्मिथ होता. कब्जने २०२५ मध्ये ९२ सामने जिंकले, पण मिलवॉकीविरुद्धच्या बाद फेरीच्या मालिकेत पाचव्या सामन्यात ते बाद झाले आणि टकर मोकळा झाला; स्मिथ मात्र पहिल्या दिवसापासून ह्यूस्टनच्या मैदानात उतरला. हा संघ २०१६ च्या कब्जइतका बलवान नव्हता, आदल्या मोसमात त्याने केवळ ८३ सामने जिंकले होते, त्यामुळे सौद्यात जोखीम अधिक होती. परंतु स्मिथच्याच जागेवर खेळू शकणारा मॅट शॉ हा दुसरा तरुण त्यांच्याकडे होता, आणि मधल्या फळीत मोठा फटका मारणारा फलंदाज त्यांच्याकडे नव्हता. एवढ्या दोन गोष्टी समोर असताना मीही हा सौदा केला असता, आणि टकर एका वर्षाने गेला म्हणून आज माझे मत बदलत नाही.