मशीन वाचतं कमी, मोजतं जास्त

(पडद्यावर: ३५ एमएम निगेटिव्हची पट्टी, कडेचा भाग अगदी जवळून)

ही पट्टी दिसतेय ना, हिच्यातलं चित्र जरा बाजूला ठेवा आणि कड बघा. भोकांच्या बाहेर, पार काठाला, बारीक आकडे आहेत आणि त्यांच्या शेजारी उभ्या रेघांचा बारकोड. हे आकडे कोणी नंतर शाईने मारलेले नाहीत, फिल्म बनते तिथेच लाईटने छापलेले असतात, म्हणून कोऱ्या फिल्मवर काहीच दिसत नाही, डेव्हलप झाली की चित्राबरोबर तेही उमटतात. कडेला आकडे असायची पद्धत फार जुनी, बारकोड मात्र कोडॅकने १९९० साली आणला, त्याला कीकोड म्हणतात. फिल्मवरून व्हिडिओ करायचं जे मशीन, टेलिसिने, त्याच्यावर हा बारकोड वाचायला एक छोटा रीडर बसवलेला असतो, आणि आजचा आपला विषय तो रीडर ए. तो चुकला की कसा चुकतो, आणि बिघाड नेमका कुठे ए ते शोधायचं कसं.

हे सगळं आपल्याला सांगितलं अमळनेरच्या आप्पांनी. मुंबईला टेलिसिनेत नोकरी केली, आता घरी असतात. नाव टाकू नको म्हणाले, म्हणून आपण आप्पाच म्हणू. माडीवर त्यांच्याकडे एक रिवाइंडर ए, एक सिंक्रोनायझर, म्हणजे दात्यांच्या चाकांवर फिल्म चढवून फूट आणि फ्रेम मोजायचं हातमशीन, आणि पांढऱ्या अॅक्रिलिकखाली ट्यूबलाईट लावून केलेलं टेबल. टेलिसिने अर्थातच नाही, ते मुंबई-चेन्नईचं काम. आपल्या खान्देशात फिल्म यायची ती तयार प्रिंट होऊन, बरीचशी भुसावळहून, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, म्हणजे डिस्ट्रिब्युटर-थेटरवाल्यांची संघटना, ती पण भुसावळचीच, डिस्ट्रिब्युटरांकडून पत्र्याच्या पेट्या निघायच्या आणि धुळे, नंदुरबार, चोपडा सगळीकडे जायच्या. हजार फुटांचं रीळ म्हणजे अकरा मिनिटं. थेटरात ऑपरेटरला रिळाचा नंबर कळला की झालं, कडेच्या आकड्यांशी त्याचं काही देणंघेणं नाही. ते आकडे लागतात निगेटिव्ह कापणाऱ्याला.

आता हे जरा नीट ऐका कारण पुढचं सगळं याच्यावर ए. शूटिंगची निगेटिव्ह लॅबमध्ये धुतली की टेलिसिनेवर चढवून तिचा व्हिडिओ करायचे, एडिटर त्या व्हिडिओवर काम करायचा, एव्हिड वगैरे एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर, आणि एडिट फायनल झालं की कॉम्प्युटर एक यादी काढून द्यायचा की अमुक नंबरच्या फ्रेमपासून तमुक नंबरच्या फ्रेमपर्यंत. ती यादी घेऊन निगेटिव्ह कटर खरी निगेटिव्ह कात्रीने कापणार. खरी, म्हणजे शूटिंगला कॅमेऱ्यातून गेलेली, एकच असते ती. फिल्म सिमेंट म्हणजे फिल्म चिकटवायचा द्रव, त्याने जोड मारताना शेजारच्या फ्रेमचा तुकडा त्या जोडात जातो, त्यामुळे एकदा कापलं की मागे येणं नाही. म्हणून टेलिसिनेत नंबर एका फ्रेमने जरी चुकला आणि कोणाच्या लक्षात नाही आला तरी महिन्यांनी तो चुकीच्या जागी कात्री लावतो.

रीडर काय करतो? आपल्याला वाटतं की तो प्रत्येक फ्रेमचा नंबर वाचतो. तसं नाहीये. ३५ एमएममध्ये एका फुटात ६४ भोकं आणि १६ फ्रेम, आणि मुख्य नंबर येतो फुटाला एकदा. मध्ये अर्ध्या फुटाला एक मधला नंबर असतो, ठीक ए, पण बाकीच्या फ्रेमवर काहीच लिहिलेलं नसतं. १६ एमएमला एका फुटात ४० फ्रेम, नंबर दर अर्ध्या फुटाला, म्हणजे २० फ्रेममधून एकदा. मग मधल्या फ्रेमचा नंबर येतो कुठून? मोजून. फिल्मच्या वाटेत एक दात्यांचं चाक असतं, फिल्म पुढे गेली की ते फिरतं आणि इलेक्ट्रिक पल्स पाठवतं, रीडर ते पल्स मोजत जातो आणि शेवटच्या वाचलेल्या नंबरपुढे +०१, +०२, +०३ लावत राहतो. धुळ्याहून नागपूर हायवेला लागलं की किलोमीटरचा दगड दिसतो तेव्हाच खात्री, मधे फक्त अंदाज, तसंच हे. आप्पांच्या भाषेत, "वाचानं काम थोडं शे भाऊ, मोजानंच जास्ती शे."

आणि म्हणून, नंबर चुकला की नवीन पोरगा आधी रीडरचं डोकं, म्हणजे बारकोड वाचणारा भाग, पुसायला घेतो, पुसायला हरकत नाही, पण बहुतेक वेळा वाचनात चूक नसतेच, चूक असते मोजण्यात.

(पडद्यावर: जुन्या टेपवरची विंडो, खाली आकडे पळताहेत)

व्हिडिओवर खाली ही काळी पट्टी दिसते, तिला बर्न-इन म्हणतात, डावीकडे टाईमकोड म्हणजे व्हिडिओच्या वेळेचे आकडे, उजवीकडे कीकोड. सुरुवातीची दोन अक्षरं, पहिलं कंपनीचं, कोडॅकला के, फुजीला एफ, दुसरं फिल्मच्या प्रकाराचं. मग सहा आकडे रोलचे, मग चार आकडे फुटाचे, मग अधिक चिन्ह आणि फ्रेम. आप्पा म्हणतात बिघाड काय ए ते ही पट्टीच सांगते, फक्त ती बघताना एकच प्रश्न विचारायचा, चूक कायम तेवढीच राहतेय का वाढत चाललीय.

कायम तेवढीच, समजा रोलच्या सुरुवातीला दोन फ्रेमचा फरक आणि शेवटीपण दोनच, तर तो ऑफसेट. गेट म्हणजे जिथे फ्रेमचं चित्र टिपलं जातं ती जागा, रीडरचं डोकं त्या गेटवर नसतं, गेटच्या थोडं आधी किंवा नंतर असतं, त्यामुळे डोक्याखाली जी फ्रेम ए ती पडद्यावरची फ्रेम नसते. तो फरक मशीनला एकदा सांगून ठेवायचा असतो. मग कोणीतरी फिल्म वेगळ्या रोलरवरून घेऊन चढवतो, वाट दोन-चार फ्रेमने लांब होते, आणि सेटिंग जुनंच. अजून एक जागा ए जी पटकन सुचत नाही. टेलिसिनेच्या पुढे चित्राच्या लाईनमध्ये नॉइज रिड्युसर जोडला तर चित्र एखादी फ्रेम उशिरा निघतं, नंबर वेळेवर येतो चित्र मागे राहतं, आणि रीडर बिचारा बरोबर असून चोर ठरतो! रात्रीच्या शिफ्टमध्ये कोणीतरी पॅचिंग, म्हणजे वायरींची जोडणी, बदललेलं, सकाळच्याला पत्ता नाही. अशा वेळी आप्पांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "सेटिंगले हात कोनी लावा रे?"

चूक वाढत जात असेल तर ऑफसेटला हातच लावू नका. वाढणारी चूक म्हणजे पल्स. चाकाचे दाते झिजलेत, चाक अडकत फिरतंय, भोकं फाटलीत, नाहीतर सरळ सेटिंग चुकीचं. पण इथे गंमत बघा, चूक वाढत जाते आणि पुढचा बारकोड आला की एकदम झटका मारून बरोबर होते, परत वाढते, परत झटका. वरवर बघणाऱ्याला वाटतं अधूनमधून चुकतंय, तसं नसतं, ते सतत चुकतंय आणि प्रत्येक फुटाला बारकोड त्याला सावरून घेतोय.

याच्यातलं सगळ्यात भारी उदाहरण उलट्या मोजणीचं. पल्स दोन वायरींनी येतात, दोघींतली आधी कोण यावरून मशीनला कळतं की फिल्म पुढे चाललीय का मागे. रिपेअरीनंतर त्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की फिल्म पुढे पळतेय, बारकोड बरोबर वाचला जातोय, पण मधली मोजणी मागे, आकडा कमी कमी होत जातो आणि नवा नंबर वाचला की टणकन पुढे उडी. हे बघितल्यावर भलेभले बारकोडला शिव्या देतात, रीडर बदलून बघतात, आणि चूक असते दोन वायरींत.

थ्री-पर्फचा घोटाळा पण असाच. नेहमीच्या ३५ एमएमला एका फ्रेमला चार भोकं, पण फिल्म वाचवायला तीन भोकांच्या फ्रेमवर पण शूट करतात, मग एका फुटात १६ नाही, एकवीस आणि वर एक तृतीयांश फ्रेम बसतात. रीडर चार भोकांच्या सेटिंगवर राहिला की खलास. पूर्णांक नाहीये ना तो, म्हणून प्रत्येक फुटाचा नंबर फ्रेमच्या वेगवेगळ्या जागी येतो, त्यामुळे इथे भोकांपर्यंत हिशोब ठेवावा लागतो, नुसत्या फ्रेमने भागत नाही.

मग राहिला तिसरा प्रकार, नंबर येतच नाही, पट्टीत नुसत्या आडव्या रेघा. इथे मात्र खरंच वाचनाचा प्रश्न ए. डोक्याची काच लिंट न सुटणाऱ्या कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डोकं बरोबर कडेला ए का दुसऱ्याच बाजूला, ते बघा. फिल्म ताणून चाललीय का कड हलतेय ते बघा, कारण रेघा बारीक असतात आणि कड थोडी जरी फोकसबाहेर गेली की वाचन गेलं. कधीकधी असिस्टंटने कडेवरच ग्रीस पेन्सिलने खूण केलेली असते किंवा कागदी टेप चिकटवलेली, बरोबर बारकोडवर. आणि कधी बारकोडच नीट छापलेला दिसत नाही, कॅमेऱ्यात रोल भरताना कडेने उजेड घुसला तर कड काळी पडते, १६ एमएमच्या शंभर फुटी डे-लाईट स्पूलला, म्हणजे उजेडात भरायच्या रिळाला, सुरुवातीला आणि शेवटाला हे होणारच. वैशाखात जळगावला उन्हात उभं राहून चेंजिंग बॅगेत, म्हणजे काळ्या पिशवीत हात घालून, घामेजल्या हातांनी कॅमेऱ्याचं मॅगझिन, म्हणजे फिल्मचा डबा, भरून बघा म्हणजे कळेल उजेड कसा घुसतो ते.

निगेटिव्हऐवजी प्रिंट चढवली तर अजून वेगळं. प्रिंटवर मूळ निगेटिव्हचे नंबर उतरून आलेले असू शकतात आणि प्रिंटच्या फिल्मचे स्वतःचेही, शिवाय काळ्याचं पांढरं झालेलं, रीडर त्यातला कोणता पकडेल सांगता येत नाही.

जोडाबद्दल सांगायलाच हवं. लॅब चार-पाच रोल जोडून एक मोठा रोल देते. जोड गेटमधून गेला तरी रीडरला पत्ता नसतो, तो जुन्याच रोलचे आकडे पुढे मोजत राहतो, नवीन बारकोड दिसेपर्यंत. म्हणजे नव्या शॉटची पहिली काही फ्रेम चुकीच्या नंबरची, आणि तुकडा फारच छोटा असेल तर त्याच्यात बारकोडच नसतो. हा बिघाड नाही, याला रिपेअर करायला जाऊ नका. पुढे जाऊन नंबर पकडू द्यायचा आणि मग मागे येऊन लॉग करायचं, म्हणजे नोंद करायची.

(पडद्यावर: आप्पा लाईट टेबलवर, पंचने फ्रेमला भोक पाडताना)

आता तपासायचं कसं, ही आप्पांची पद्धत. रोलच्या सुरुवातीला कडेला नंबर शोधायचा, त्याच्याजवळ एक ठिपका असतो, तो ज्या फ्रेमसमोर ती शून्याची फ्रेम. तिला पंचने भोक पाडायचं, अर्थात चित्र नसलेल्या भागात, नाहीतर प्रोड्युसर आपल्याला पंच करेल. मग मशीनवर भोकवाली फ्रेम थांबवायची, पट्टीत +०० आलंच पाहिजे. थांबलेलं बरोबर आलं म्हणून खूश व्हायचं नाही, चालू मशीनवर रेकॉर्ड करून ती टेप एकेक फ्रेम पुढे नेत बघायची, मग रिव्हर्समध्येही, कारण थांबल्यावर बरोबर आणि पळताना एकने चूक असं सर्रास होतं. शेवटी रोलच्या दुसऱ्या टोकाला अजून एक फ्रेम सिंक्रोनायझरवर हाताने मोजून तीच टेपवर ताडून बघायची. "पहिले डोयाघाई देख, मंग मशीनले इचार," म्हणजे आधी डोळ्यांनी बघ, मग मशीनला विचार, असं ते त्यांच्या असिस्टंटला सांगायचे, आणि तो असिस्टंट होता मालाडचा, त्याला अहिराणी घंटा कळत नव्हती पण काम शिकला म्हणे.

आपल्याकडे व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा, त्यामुळे एक फिल्म फ्रेम एक व्हिडिओ फ्रेम, हिशोब सोपा, २४ ला शूट केलेलं २५ ने पळवायचं, आवाज चार टक्के जलद होतो तो नंतर बघायचा. अमेरिकेचं काम आलं की चार फिल्म फ्रेमच्या पाच व्हिडिओ फ्रेम होतात, मग कोणत्या फ्रेमपासून चक्र सुरू झालं ते पण रीडरला माहीत पाहिजे. त्याच्यावर वेगळा व्हिडिओ लागेल.

जाता जाता एक भारी माहिती, फिल्मचा कीकोड वाचणारं डिजिसिंक नावाचं यंत्र ज्या कंपनीने केलं ती रिसर्च इन मोशन, म्हणजे पुढे ब्लॅकबेरी फोनवाली. त्या रीडरसाठी त्यांना ऑस्करवाल्या अकॅडमीचं टेक्निकल अवॉर्ड मिळालंय.

हे सगळं आज कशाला, तर जुन्या फिल्मचं स्कॅनिंग आता जोरात चालूए आणि स्कॅनरमध्येही हाच कीकोड वाचतात. तुमच्या घरी माळ्यावर काकांच्या लग्नाचा १६ एमएमचा डबा निघाला, आणि स्कॅन करणारा म्हणाला की आमचा रीडर नंबरच दाखवत नाही, तर घाबरू नका आणि त्याला मशीन उघडूही देऊ नका. १९९० च्या आधीची फिल्म असेल तर तिच्यावर बारकोड नाहीच, नुसते आकडे असतील, ते भिंगाने वाचायचे. कोडॅकची असेल तर कडेला गोल, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा सापडतील, त्यावरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते काढता येतं, फक्त त्याच खुणा वीस वर्षांनी परत येतात, त्यामुळे लग्न साठ सालचं का ऐंशीचं हे काकूंनाच विचारावं लागेल.