चार वाजताची कुस्ती

[कृष्णधवल चित्रण. छोटा हॉल, मधोमध रिंग, भोवती लाकडी खुर्च्या.]

इंग्लंडातल्या कडाक्याच्या हिवाळ्यात सार्वजनिक तलावात पोहायला कोण येणार? म्हणून गावोगावच्या नगरपालिका तलावावर फळ्या टाकायच्या आणि वर नाच, सभा, कुस्त्या, जे गिऱ्हाईक येईल त्याला हॉल द्यायच्या. अशाच एका ठिकाणाहून, पूर्व लंडनच्या वेस्ट हॅम बाथ्समधून, ९ नोव्हेंबर १९५५ रोजी आयटीव्ही या नव्या खासगी वाहिनीने आपली पहिली व्यावसायिक कुस्ती दाखवली. वाहिनी सुरू होऊन तेव्हा दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

माइकवर होता केंट वॉल्टन. ‘ग्रीटिंग्ज, ग्रॅपल फॅन्स’ हे त्याचं स्वागत ब्रिटिश प्रेक्षकांनी पुढची तेहतीस वर्षं ऐकलं. आवाज मऊ, घाई कधीच नाही. आजचे कॉमेंटेटर ओरडतात. वॉल्टन शेजारी बसून डाव समजावून सांगायचा.

१९६५ साली आयटीव्हीवर शनिवार दुपारचा ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि कुस्तीला चारची वेळ मिळाली. ही वेळ नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथेच आहे. फुटबॉलचे सामने तीनला सुरू व्हायचे, पण ते थेट दाखवायला लीगची परवानगी नव्हती. मोठ्या स्पर्धांचे हक्क बहुतेक बीबीसीकडे. मग पावणेपाचला निकाल येईपर्यंत दाखवायचं काय? कुस्ती! घरातल्या पुरुषांचं लक्ष निकालांकडे, कारण हातात पूल्सचं, म्हणजे सामन्यांच्या निकालांवर पैसे लावायचं, कुपन. आकडे जुळले तर नशीबच पालटणार. पण त्याआधीचा पाऊण तास आजीचा. चहाचा कप बाजूला ठेवून ती पडद्यावरच्या खलनायकाला शिव्या घालायची. हॉलमधल्या आज्या तर शिव्यांवर थांबत नसत. रिंगजवळून जाणाऱ्या मल्लाच्या पाठीत पर्स हाणायच्या, एखादी टोपीची पिनही टोचायची.

[रिंगमध्ये पंच हात वर करून ताकीद देतो.]

या कुस्तीचे नियम १९४७ साली ठरले आणि त्यांना ॲडमिरल लॉर्ड माउंटइव्हान्स यांचं नाव मिळालं. हे गृहस्थ कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत त्यांचे दुय्यम अधिकारी होते! महायुद्धापूर्वीची व्यावसायिक कुस्ती इतकी रानटी आणि बदनाम झाली होती की तिला अब्रू मिळवून द्यायला असं वजनदार नाव लागलं. सात वजनगट, बहुधा पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या, दोनदा चीत केलं किंवा दोनदा शरण आणलं की विजय. दोन जाहीर ताकिदी झाल्या की तिसऱ्या वेळी बाद.

आणि हो, निकाल आधीच ठरलेला असायचा. आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणजे शिवी. जोड नुरा खेळतेय असा नुसता संशय आला तरी फडातली माणसं आरडाओरडा करून कुस्ती सोडवायला लावतात. तिथल्या प्रेक्षकालाही मनातून ठाऊक असायचं, पण त्याबद्दल बोलायचं नाही असा अलिखित करार होता. जॅकी पॅलो या गाजलेल्या मल्लाने १९८५मध्ये आत्मचरित्रात सगळं उघड लिहिलं, तेव्हा जुने सहकारी त्याच्यावर भयंकर चिडले.

निकाल ठरलेला असला तरी अंगातलं कसब ठरवून आणता येत नाही. उत्तर इंग्लंडातल्या विगनमध्ये बिली रायलीची तालीम होती, ‘स्नेक पिट’ नावाची. खाणी-गिरण्यांच्या त्या गावात पकडी शिकायच्या म्हणजे हाडं मोडून घ्यायची तयारी हवी. तिथून तयार झालेले कार्ल गॉच आणि बिली रॉबिन्सन पुढे जपानला गेले, आणि गॉचला तर जपानी लोक कुस्तीचा देव म्हणू लागले.

[जॉनी सेंट रिंगच्या मधोमध. मंद गती.]

हा जॉनी सेंट, लाइटवेट. आता बघा काय करतो. रिंगच्या मधोमध बसतो, गुडघे छातीशी, डोकं आत, हातपाय आत. माणसाचं गाठोडं. समोरचा भोवती फिरतोय आणि धरायचं काय हेच त्याला कळत नाही, कारण धरायला कुठे टोकच नाही. तेवढ्यात गाठोड्यातून एक हात बाहेर येतो, उठवायला मदत मागावी तसा. समोरचा भाबडेपणाने तो धरतो, आणि पुढच्या क्षणी तोच पाठीवर.

माझ्या मते ब्रिटिश कुस्तीचं खरं वैभव हे होतं. जिम ब्रेक्स लहान मुलासारखा रडायचा, पंचाशी हुज्जत घालायचा आणि एका हाताच्या पकडीवर समोरच्याला शरण आणायचा. मिक मॅकमॅनस बुटका, काळीभोर चड्डी, त्याहून काळे केस. दुसऱ्याला खुशाल छळायचा आणि स्वतःचे कान धरले की कळवळायचा.

आणि एड्रियन स्ट्रीट. १९७०च्या दशकातला हा फोटो बघा. वेल्समधली कोळसा खाण. एका बाजूला कोळशाने काळवंडलेले खाणकामगार, त्यांत त्याचे वडील. शेजारी स्ट्रीट: लांब सोनेरी केस, रंगवलेला चेहरा, झगमगता पोशाख, हातात विजेतेपदाचा पट्टा. पोरपणी तो याच खाणीच्या जगात कामाला लागला होता आणि पैलवान व्हायचं म्हणून पळून लंडनला गेला होता. बापाला आणि गावाला द्यायचं उत्तर त्याने असं नटूनथटून दिलं.

[रंगीत चित्रण. गर्दी ‘ईझी, ईझी’ ओरडते.]

पण तिथल्या कुणालाही आज जुनी कुस्ती विचारा, पहिलं नाव येतं बिग डॅडी. खरं नाव शर्ली क्रॅबट्री. वजन दीडशे किलोंच्या वर, पन्नाशीकडे झुकलेला, आणि रिंगमधला त्याचा पहिला पोशाख बायकोने सोफ्याच्या कापडातून शिवलेला. मुलं त्याच्यावर जीव टाकायची. १९७५पासून धंद्याची सूत्रं त्याचा भाऊ मॅक्सच्या हाती आली आणि सगळं डॅडीभोवती फिरू लागलं. दोघा-दोघांच्या जोडीची कुस्ती, त्यात आधी तरण्या जोडीदाराने मार खायचा, मग डॅडी आत येणार, पोटाची धडक देणार, अंगावर पडणार, संपलं. जून १९८१मध्ये वेम्ब्लीला जायंट हेस्टॅक्सशी, जवळजवळ सात फुटी राक्षसाशी, त्याची महाकुस्ती झाली. तीन मिनिटंही टिकली नाही.

मार खाणाऱ्या त्या पोरांपैकी एक डेव्ही बॉय स्मिथ. नव्वदच्या दशकात ज्यांनी मधल्या सुट्टीत अमेरिकन कुस्तीची, डब्ल्यूडब्ल्यूएफची, ट्रम्प कार्डं खेळली, त्यांना तो चांगला ठाऊक आहे: ब्रिटिश बुलडॉग. गुणी पोरं अशी एकेक करून परदेशी गेली, आणि घरी उरला डॅडी.

ऑगस्ट १९८७मध्ये ग्रेट यार्मथला डॅडी किंग काँग कर्कच्या अंगावर पडला आणि कर्क उठलाच नाही. त्याला हृदयविकार होता, डॅडीवर ठपका आला नाही. पण त्यानंतर तो खेळ पूर्वीसारखा हसत बघणं अवघड झालं.

तोवर ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ १९८५मध्येच बंद झाला होता. कुस्तीची चारची वेळ गेली होती. डिसेंबर १९८८मध्ये शेवटचं प्रक्षेपण झालं. गावच्या थकलेल्या हॉलमधले थकलेले पैलवान आयटीव्हीच्या साहेबांना आता जुनाट वाटत होते.

२०१८मध्ये आयटीव्हीने जुनंच नाव देऊन कुस्ती पुन्हा आणली. रिंग चकचकीत, पोरं तयारीची, कार्यक्रम शनिवारीच. एका हंगामात गुंडाळला. निकाल आता ज्याच्या त्याच्या खिशातल्या फोनवर येतात. पावणेपाचची वाट बघत टीव्हीसमोर बसायचं कुणाला कारणच उरलं नव्हतं.