धाप लागलेलं जनावर आणि अँटिबायोटिकची निवड

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

पावसाळ्यात गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडचे गोठे आठ-आठ दिवस ओले राहतात. जनावरं खोकायला लागतात, नाक गळतं, वैरण सुटते. मग मेडिकलमध्ये जाऊन "जरा भारीतलं द्या" म्हणून बाटली आणली जाते. फुप्फुसाच्या आजारात उपचार फसतो, तो औषध हलकं होतं म्हणून क्वचितच. ते उशिरा दिलेलं असतं, वजनाच्या मानानं कमी दिलेलं असतं, नाहीतर ताप उतरताच बंद केलेलं असतं.

बाटलीच्या आधी थर्मामीटर आणा. शेणाच्या जागी तो आतल्या बाजूला टेकवून दोन मिनिटं धरा, नुसता शेणात खुपसला तर आकडा कमी येतो. मोठ्या गाई-म्हशीचं तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरेनहाइट असतं. श्वास मोजायचा तो कुशीवरून, पूर्ण एक मिनिट. शांत उभ्या जनावराचा 15 ते 35 भरतो. ताप 104 च्या वर, श्वास 40 च्या पुढे, सोबत ओला खोकला आणि नाकातून पिवळसर घट्ट शेंबूड असेल, तर न्यूमोनियाचा संशय धरा. उन्हातून आलेली म्हैस मात्र धापा टाकतेच. तिला सावलीत बांधून पाणी मारा आणि अर्ध्या तासानं पुन्हा मोजा.

धाप दिसली म्हणजे न्यूमोनियाच असतो असं नाही. संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईला 105-106 ताप, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली, अंगावर गोचीड, डोळ्याच्या आतली कड फिकट, असं असेल तर तो बहुधा गोचीड ताप, म्हणजे थायलेरिया. त्यावर बुपारवाक्वोन लागतं. नुसत्या अँटिबायोटिकवर दिवस घालवले तर गाय हातची जाते. तिवा म्हणजे तीन दिवसांचा ताप, त्यातही श्वास वाढतो, पण जनावर लंगडतं आणि पाय अखडतात. तो विषाणूचा आजार, अँटिबायोटिकनं बरा होत नाही. ताप नाही, वैरण खातंय, पण ओल्या रानात चरणारं वासरू खोकत राहतं, तिथे फुप्फुसातल्या जंतांसाठी शेण तपासून घ्या. आणि जीभ ओढून बाटलीनं तेल पाजलं, ठसका लागला, दुसऱ्या दिवशी धाप सुरू झाली, तर तेल फुप्फुसात गेलेलं आहे. ते कुठलंही इंजेक्शन बाहेर काढत नाही. पोटफुगीला तेल पाजायचंच असेल तर डोकं पाठीच्या रेषेपेक्षा वर उचलू नका, जीभ सोडून द्या.

एक गोष्ट मात्र थांबवून चालत नाही. गळा सुजलाय, घशात घरघर आहे, जोराचा ताप आहे, विशेषतः म्हशीला आणि रेडकाला, तर तो घटसर्प समजा. त्यात 24 तासांत जनावर दगावू शकतं. तिथे डॉक्टर तासाभरात हवा, उद्या सकाळी नको. याची लस पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये टोचून घ्यायची असते.

आता निवड. ती डॉक्टरांची आहे आणि ही औषधं चिठ्ठीवरच मिळायला हवीत, पण त्यामागचा विचार आपल्यालाही कळला पाहिजे. साध्या न्यूमोनियात जंतू बहुधा पाश्चुरेला, मॅनहाइमिया या जातीचे असतात. तिथे लाँग ॲक्टिंग ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अजूनही सुरुवातीचं चांगलं औषध आहे. सेफ्टिओफर, एन्रोफ्लोक्सासिन ही माणसाच्या गंभीर आजारांत लागणाऱ्या गटांतली. ती मागे ठेवायची, पहिल्याच खोकल्याला काढायची नाहीत. मायकोप्लाझ्मा असेल तर पेनिसिलिन आणि सेफ्टिओफर दोन्ही निकामी, कारण ही औषधं जंतूच्या भिंतीवर काम करतात आणि या जंतूला भिंतच नसते. जेंटामायसिन फुप्फुसात नीट पोचत नाही आणि मूत्रपिंडात महिनोन्‌महिने साचून राहतं. टिल्मिकोसिन कधीही शिरेतून द्यायचं नाही, आणि चुकून माणसाला टोचलं तर हृदयावर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्याच हातात असावं.

डोस वजनावर ठरतो, आणि वजन नजरेनं चुकतं. टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, की किलो येतात. घेर 72 आणि लांबी 60 असेल तर 470 किलो. मिलीला 200 मिलिग्रॅम ताकदीच्या लाँग ॲक्टिंग ऑक्सिटेट्रासायक्लिनचा डोस किलोला 20 मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोला 1 मिली. या गाईला 47 मिली लागतात. पुठ्ठ्यात 20 मिली टोचून मोकळं होणं म्हणजे निम्म्याहूनही कमी डोस. त्यानं जंतू मरत नाहीत, शिकतात. शिवाय एका जागी 10 मिलीपेक्षा जास्त देऊ नये, म्हणजे 47 मिली पाच जागी वाटून, मानेच्या स्नायूत, दोन्ही बाजूंना, दर जनावराला नवी सुई. हेच औषध 50 मिलिग्रॅमच्या बाटलीतही येतं आणि त्याचा हिशेब वेगळा, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय सिरिंज भरू नका. ऑक्सिटेट्रासायक्लिन कॅल्शियमच्या सलाईनमध्ये मिसळायचं नाही.

एका लाँग ॲक्टिंग डोसचा असर साधारण तीन दिवस टिकतो. रोज द्यायची औषधं तीन ते पाच दिवस चालवायची, ताप दुसऱ्याच दिवशी 102 वर आला तरी. 48 तासांत ताप हलला नाही तर मनानं दुसरी बाटली फोडू नका. निदान पुन्हा तपासायला सांगा, औषध बदलण्याआधी नाकातला नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो का विचारा. सोबत ताप-सुजेसाठी मेलोक्सिकॅम चालतं. डायक्लोफेनॅक 2006 पासून आणि ॲसिक्लोफेनॅक, किटोप्रोफेन 2023 पासून जनावरांसाठी बंद आहेत. मेलेल्या जनावरातून ती गिधाडांना मारतात. स्टिरॉइडनं जनावर संध्याकाळी उठून वैरण खातं हे खरं, पण प्रतिकारशक्ती खचते आणि गाभण गाय गाभडू शकते.

आणि दूध. लेबलवर किती दिवस दूध घालायचं नाही ते लिहिलेलं असतं. कंपनीनं मुदत तपासून ठरवलेली नसेल तर नियमानं दुधाला किमान 7 दिवस, मांसाला 28 दिवस. कोल्हापुरात कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणारी माणसं आहेत, त्यामुळे हे आपल्याला जास्तच लागू आहे. बरं, उकळूनही औषधाचा अंश पुरता जात नाही. डेअरीत असं एका गाईचं दूध टँकरमध्ये मिसळलं तर दह्याचं विरजण धरत नाही. ते दूध वासरालाही पाजू नका. उपचाराच्या गाईच्या शिंगाला रंगीत फडकं बांधा आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूनं औषध, तारीख आणि दूध सुरू करायचा दिवस लिहा. धार काढणारा रोज वेगळा असला तरी घोटाळा होत नाही.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. फोन करताना ताप किती, मिनिटाला श्वास किती, अंदाजे वजन, गाभण किती महिन्यांची आणि आतापर्यंत कुठलं औषध किती मिली दिलं, एवढं हाताशी ठेवा. रिकामी बाटली फेकली असेल तर उकिरड्यातून शोधून आणा, डॉक्टरांना तीच आधी बघायची असते.

नमस्कार.