विहिरीत शिकलेला माणूस समुद्रात उतरतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडं उन्हाळ्यात पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधतात आणि विहिरीत ढकलून देतात. आमच्या गावच्या दहा परस विहिरीत मी असाच शिकलो. पुढं मुटके मारले, तळाची माती मुठीत आणून दाखवली. त्यामुळं अंदमानची तिकिटं काढली तेव्हा स्नॉर्कलिंगची, म्हणजे डोळ्या-नाकावर काचेचा मास्क लावून आणि तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघायची, वेगळी तयारी करावी असं मनातही आलं नाही. काका म्हणाले, "समुद्र काय अन् विहीर काय, पाणीच की! तू काय आज पोहायलास का?"

हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, एलिफंट बीचला कमरेएवढ्या पाण्यात माझी फजिती झाली. मास्कमध्ये सारखं पाणी शिरत होतं. शोधून शोधून कारण काय निघालं, तर माझी मिशी! मास्कची सिलिकॉनची कड कातडीला चिकटायला हवी, ती केसांवर टेकली की फट राहते आणि पाणी आत येतं. मिशी काढा असं मी कुणालाच सांगणार नाही, आपल्याकडं ते जमायचंही नाही. पण नाकाखालची वरची किनार तेवढी बारीक कापून घ्या, काम होतं.

मास्क घेताना दुकानातच पारखून घ्या. पट्टा न लावता तो तोंडावर ठेवा आणि नाकानं हलकेच श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट वाढते. चष्मा आत मावत नाही, म्हणून नंबरवाल्यांनी नंबरच्या काचांचा मास्क आधीच बघून ठेवावा. काचेवर वाफ धरते, त्यावर जुना उपाय थुंकीचाच: आतून थुंकी चोळायची आणि पाण्यात एकदा विसळायची. तोंड वाकडं करू नका, पट्टीचे पाणबुडेही हेच करतात.

आता नळीचं. लहानपणी आम्ही पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून विहिरीत बुडून बसायचो. देठ आखूड असला तर श्वास यायचा. एकानं ठिबकचा लांब पाईप आणला आणि हातभर खाली जाताच गुदमरून वर आला. पाण्याचा दाब छातीवर येतो. एक मीटर खालीसुद्धा तो इतका असतो की वरची हवा ओढायला छातीचे स्नायू थकतात. शिवाय नळी लांब असली की आपलाच सोडलेला श्वास परत आत येतो. म्हणून स्नॉर्कलची नळी दीड फुटाच्या आतच असते. नळीत पाणी गेलं तर घाबरायचं नाही, चुलीत फुंकर मारतो तशी एक जोरदार फुंकर मारायची.

विहिरीनं आपल्याला हातपाय झाडायला शिकवलंय. इथं नेमकं तेच विसरायचं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, त्यामुळं अंग विहिरीपेक्षा जास्त तरंगतं, आणि लाइफ जॅकेट तर असतंच. पालथं पडून राहायचं. अवघड जातं ते एकच: तोंड पाण्यात असताना तोंडानं सावकाश श्वास घेणं. मेंदू ते मान्यच करत नाही. याचा सराव घरी करा. टपात पाणी घ्या, मास्क-नळी लावा, तोंड बुडवा आणि शंभर श्वास मोजा. घरचे हसतील, हसू द्या. शहरात जलतरण तलाव असेल तर तिथं चार-सहा दिवस जा.

हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नळीतून श्वास ओढायला जास्त जोर लागतो, हे वरून कळत नाही. आणखी एक. स्नॉर्कलिंग करणारा पालथा आणि शांतच असतो, त्यामुळं तो अडचणीत आहे की मासे बघतोय हे काठावरून ओळखू येत नाही. म्हणून जोडीनंच उतरा, आणि दर थोड्या वेळानं मान वर करून काठ कुठं राहिला ते बघा. विहिरीला कपारी असतात, समुद्राला धरायला काही नाही. पाण्याची ओढ लागली तर तिच्या उलट झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर निघा. मगरीची पाटी असेल तिथं तर पायही बुडवू नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत.

जायचं कधी? रेडिओवर मान्सून अंदमानात आल्याची बातमी आपण मे महिन्यात किती आतुरतेनं ऐकतो! तीच बातमी तिथं गेलेल्या पर्यटकासाठी वाईट. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचे दिवस बरे. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट न्या. पालथं पडल्यावर पाठ भाजते आणि गार पाण्यात ते कळत नाही. मी रात्री पोटावर झोपलो होतो.

खाली दिसतं ते प्रवाळ, म्हणजे आपण अंगठीत घालतो त्या पोवळ्याचे भाऊबंद. तो दगड नाही, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, त्यावर पाय देऊ नका. तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकणं तर 1972च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

दुसऱ्या दिवशी मिशी कापून परत उतरलो. श्वास मंदावला तेव्हा बारीक कुरकुर ऐकू यायला लागली. वाटलं, नळीत काही अडकलं. बघतो तर हिरवानिळा पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता, गोठ्यात बैल कडबा खातो तसा.