कोठाराशेजारचं घर

[दृश्य: घोड नदीचं पात्र, काठावरची काळी शेतं आणि मधोमध राखट मातीचं टेकाड]

आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गाव वसतं त्या जागेला पांढरी. चुलीतली राख, ढासळलेल्या भिंती, शेण, खापरं, हाडं असं पिढ्यान्‌पिढ्या साचत जातं आणि मातीचा रंगच पालटतो. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला अशी एक फार जुनी पांढरी आहे. इथे पहिली चूल पेटली ती इ.स.पू. 1600च्या सुमारास.

1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी, म्हणजे सांकलिया, ढवळीकर, अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ही पांढरी थराथरानं उकलली. 130हून अधिक घरांच्या खुणा मिळाल्या. जळून कोळसा झालेले दाणेही मिळाले: जव, गहू, मसूर, वाटाणा, हुलगा. आज हा ज्वारीचा मुलूख. तेव्हाचं मुख्य पीक जव होतं.

[दृश्य: उत्खननातला पाट]

गावाजवळ पुराचं पाणी वळवणारा पाट सापडला, सोबत दगडमातीचा बांधही. हे एका घराच्या हातचं काम नव्हे. कुणीतरी माणसं जमवली असणार, पाणी आधी कुणाच्या शेतात जाईल याचा निवाडा केला असणार. तो कोण?

गावाच्या मध्यभागी एक घर आहे. आजूबाजूची बहुतेक घरं कुडाच्या भिंतींची, लहान; हे मात्र पाच खोल्यांचं. आणि त्याला लागूनच धान्याचं कोठार. उत्खनन करणाऱ्यांनी हे गावप्रमुखाचं घर मानलं; घरोघरचं धान्य कर म्हणून या कोठारात येत असावं, असं त्यांचं अनुमान. कुंभार, चुना भाजणारे असे कारागीर राहत ते गावाच्या पश्चिम कडेला. मला या नकाशापुढे थांबावंसं वाटतं. राजा नाही, सैन्य नाही, लिपी नाही. तरी कोठार कुणाच्या दाराशी असावं हे मात्र ठरून गेलं आहे.

त्याच्या कितीतरी आधी, इ.स.पू. 3300च्या आसपास, इराकमधल्या उरुक शहरात जवाचा हिशेब मातीच्या पाट्यांवर लिहिला जाऊ लागला होता. तिथे कोठारांभोवती राज्य उभं राहिलं. इनामगाव त्या वाटेवर फार पुढे गेलं नाही.

[दृश्य: भेगाळलेली जमीन, गोल झोपड्यांचे पाये]

इ.स.पू. 1000च्या सुमारास पाऊसमान खालावलं. तापी आणि गोदावरीच्या खोऱ्यांतली अशी गावं एकेक करून उठली. इनामगाव तग धरून राहिलं, पण ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेतीपेक्षा शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर भिस्त वाढली.

याच ओढगस्तीच्या काळातलं एक दफन आहे. इथे मेलेल्या माणसाला घरातच पुरत. लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत, मोठ्यांना खड्ड्यात आडवं ठेवून. मोठ्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली असत; मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून तसं करत असावेत. पण चाळिशीच्या एका पुरुषाला चार पायांच्या, कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात बसवून पुरलं होतं. त्याची पावलं शाबूत होती. पिकं हातची जात असतानाही गावानं त्याच्यासाठी एवढा रांजण घडवला. सोबत ठेवलेल्या एका भांड्यावर वल्ह्यांची होडी रंगवली आहे.

[दृश्य: होडीचं चित्र, जवळून]

इ.स.पू. 700च्या सुमारास इनामगावही उठलं. सोपाऱ्याला अशोकाची राजाज्ञा दगडावर कोरली जायला तेव्हा अजून सुमारे साडेचारशे वर्षं होती.