उद्या पुन्हा बेचाळीस

(पडद्यावर: रिकामा होत आलेला रस्ता. कडेला घड्याळ, ६ तास ११ मिनिटं. दूरवरून एक आकृती येते आहे.)

घड्याळात सहा तास उलटून गेलेत. पहिला आलेला धावपटू एव्हाना आंघोळ-जेवण उरकून एक झोप काढून उठलाही असेल. ही धावपटू अजून सदतिसाव्या किलोमीटरला आहे. साठ सेकंद धाव, तीस सेकंद चाल, पुन्हा साठ सेकंद धाव. मनगटावरचं घड्याळ वाजलं की चाल बदलते. चेहऱ्यावर त्रास फारसा दिसत नाही, थोडा कंटाळा दिसतो. काल तिने एवढंच अंतर कापलं. उद्या पुन्हा कापायचंय, परवाही.

सलग मॅरेथॉन म्हटलं की डोळ्यांसमोर विक्रमवीर येतात. आम्ही कॅमेरा मुद्दाम मागे ठेवलाय. एका मॅरेथॉनला सहा-सात तास घेणारी माणसं रोज एक याप्रमाणे पाच-पाच, दहा-दहा मॅरेथॉन पुऱ्या करतात. कशा करतात, हे पाहायचं तर पायांआधी घड्याळ पाहावं लागतं.

अंतर सगळ्यांना सारखंच, ४२.१९५ किलोमीटर. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते पहिल्यांदा धावलं गेलं, १९२१ मध्ये कायम झालं. किलोमीटरला पाच मिनिटं या गतीने धावणारा साडेतीन तासांत मोकळा होतो. दहा मिनिटांची गती असेल तर सात तास लागतात. दोघं सकाळी सहाला निघाले, तर एक जण साडेनऊला सावलीत बसलेला असतो आणि दुसरा दुपारी एकला पोचतो, म्हणजे त्याचा निम्मा पल्ला चढत्या उन्हातला. दुसऱ्या दिवशी सुरुवात पुन्हा सहाला. पहिल्याच्या हातात उरले साडेवीस तास, दुसऱ्याच्या हातात सतरा. खाणं, आंघोळ, पायांची डागडुजी, बूट वाळवणं, मुक्कामी पोचणं आणि झोप, सगळं त्या सतरा तासांत बसवायचं. काही मालिकांत सावकाश धावणाऱ्यांना तास-दोन तास आधी निघायची मुभा असते. सोय चांगली, पण ती झोपेतून वळती होते.

बरं, हळू धावलं म्हणून शरीराला सूट मिळते असंही नाही. ढोबळ हिशोब असा की शरीराच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरला एक किलोकॅलरी खर्च होते, वेग काहीही असो. सत्तर किलोच्या माणसाचे मॅरेथॉनला तीन हजारांच्या आसपास जातात. पावलांचं गणित तर उलटंच. अव्वल धावपटूचं पाऊल पावणेदोन मीटरच्या आसपास पडतं. त्याचं काम चोवीस-पंचवीस हजार पावलांत होतं. पाऊण मीटरचं पाऊल टाकणाऱ्याला छप्पन्न हजार पावलं लागतात. पाच दिवसांत पावणेतीन लाखांच्या वर. प्रत्येक पावलाचा दणका कमी, पण मोज्याची शिवण कातडीला घासण्याच्या वेळा दुपटीहून जास्त.

मागच्याच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. जोरात धावताना स्नायू मुख्यतः ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, जाळतात, आणि तो साठा मर्यादित असतो. वेग कमी असला की चरबीतून मिळणाऱ्या उर्जेचा वाटा वाढतो. रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा भरायला व्यवस्थित खाऊनही दिवसभर लागतो, आणि स्नायूंना मार बसला असेल तर त्याहून जास्त. म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळेच अर्धवट भरलेल्या टाकीने उभे राहतात. वेगावर जगणाऱ्याला ही तूट लगेच जाणवते. आपल्या या धावपटूला तेवढी जाणवत नाही, कारण तिने काल टाकी कोरडी केलेलीच नव्हती.

(पडद्यावर: पहिल्या दिवसाची सुरुवात. गर्दी, टाळ्या. काही जण सुसाट निघतात.)

पहिला दिवस फसवा. पाय ताजे, हवा थंड, आजूबाजूला उत्साह. चौथ्या किलोमीटरला कुणालाच चालावंसं वाटत नाही. जुनीजाणती मंडळी नेमकी तेव्हाच चालतात. धाव-चाल आलटून पालटून करण्याची पद्धत सत्तरच्या दशकात लोकप्रिय केली ती जेफ गॅलोवे यांनी. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला हा माणूस. त्यांचा आग्रह साधा होता. चालायचं ते दमल्यावर नव्हे, दमण्याच्या आधी, अगदी पहिल्या किलोमीटरपासून. एकाच मॅरेथॉनसाठी ही पद्धत काहींना भित्रेपणाची वाटते, वाटू दे. सलग पाच दिवसांसाठी मात्र याहून शहाणी पद्धत आमच्या पाहण्यात नाही. पहिल्या दिवशी वाचवलेली वीस मिनिटं तिसऱ्या दिवशी तासभराच्या व्याजासकट फेडावी लागतात.

(पडद्यावर: तिसऱ्या दिवसाची पहाट. जिना. एक धावपटू कठडा धरून पाठमोरी उतरते आहे.)

हा तिसरा दिवस. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, आणि त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते ती अशाच कामात. तिची ठणक लगेच येत नाही. एक ते तीन दिवसांत ती चढत जाते. म्हणून दुसऱ्या सकाळी "जमतंय की!" म्हणणारी माणसं तिसऱ्या सकाळी जिना उलटे उतरतात. चढायला हरकत नसते, उतरायचं म्हटलं की मांड्या नकार देतात.

गंमत अशी की सुरुवातीचे तीन-चार किलोमीटर लंगडत काढले की पाय सैल होतात. आणि बऱ्याच जणांचा अनुभव आहे की चौथा दिवस तिसऱ्यापेक्षा बरा जातो. पण इथेच कान उघडे ठेवावे लागतात. दोन्ही मांड्या सारख्याच भरून आल्या असतील, तर ते या खेळाचं भाडं. दुखणं एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी असेल, पावलागणिक वाढत असेल, तर ते हाडाचंही असू शकतं. तिथे थांबायचं. घोट्याच्या पुढच्या बाजूला, लेसच्या खाली, दाबल्यावर करकरल्यासारखं वाटायला लागलं तर तिथली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, सुजलेली असते. अनेक दिवस धावणाऱ्यांचा हा नेहमीचा पाहुणा. लेस सैल करायची, चालण्याचा वाटा वाढवायचा. ऐकलं नाही तर मालिका संपते.

(पडद्यावर: जवळून. संध्याकाळ. टेबलाखाली वर्तमानपत्र, त्यावर पाऊल.)

आता हे जरा बारकाईने बघा. करंगळीच्या बाजूला फोड आहे, वाटाण्याएवढा. आधी हात आणि ती जागा साबणाने धुतली, मग सुई निर्जंतुक केली. टोचलं ते मधोमध न टोचता कडेला, खालच्या बाजूने, म्हणजे उद्या चालताना पाणी आपोआप निथळेल. वरची कातडी कापली नाही. ती आतल्या ओल्या जागेचं झाकण आहे. पाय पूर्ण कोरडा झाल्यावरच चिकटपट्टी. आणि पट्टीचे कोपरे कात्रीने गोल केलेत. चौकोनी कोपरा मोज्यात दुमडतो, आणि सकाळच्या दहाव्या किलोमीटरला त्या घडीने नवा फोड येतो. एवढ्याला तिला पंचवीस मिनिटं लागली. सतरा तासांतली.

शेजारी बुटांचे दोन जोड आहेत, दोन वेगळ्या घडणीचे. आज एक, उद्या दुसरा. घासण्याच्या जागा बदलतात, आणि ओला जोड वाळायला दिवस मिळतो. दोन्ही नेहमीच्या मापापेक्षा अर्ध्या मापाने मोठे, कारण तासन् तास पायांवर राहिलं की पाऊल सुजतं आणि नखं पुढे आपटतात.

खाण्याचं दुखणं वेगळंच. सात तासांनंतर भूक मेलेली असते आणि खायचं तर तेव्हाच असतं. म्हणून ती वाटेतच खात राहते, दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडं थोडं. तिसऱ्या दिवसापासून गोड जेलचा वासही नको होतो. मग उकडलेला बटाटा आणि मीठ. सावकाश धावणाऱ्याला एक सवलत नक्की आहे, त्याच्या पोटात खरं अन्न टिकतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र धोका मागच्यांनाच जास्त. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेलं होतं. त्यांच्यात धावताना वजन वाढलेले, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलेले, आणि चार तासांहून जास्त वेळ घेणारे अधिक होते. कारण उघड आहे. जो जास्त वेळ रस्त्यावर, त्याच्या वाटेत पाण्याची टेबलं जास्त वेळा आणि घटाघट प्यायला सवडही जास्त. बोटं सुजून अंगठी घट्ट झाली, डोकं ठणकतंय, मळमळतंय, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तर आणखी पाणी पाजू नका, डॉक्टर गाठा. तहान लागेल तसं प्यायचं, एवढा नियम पुरतो. दुसरी गोष्ट वेदनाशामक गोळ्यांची. आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊन रोज धावणं म्हणजे आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांवर आणखी ताण. आणि लघवी चहाच्या रंगाची झाली तर उद्याची मॅरेथॉन रद्द. त्यात चर्चा नाही.

(पडद्यावर: छोटा फेरीचा मार्ग. एकाच टेबलाजवळून लोक जाताहेत, येताहेत.)

मोठ्या शहरातल्या मॅरेथॉनमध्ये शेवटचा माणूस एकटा पडतो. मागून स्वीपर गाडी, म्हणजे मागे पडलेल्यांना उचलून घेणारी, पुढे गोळा होत असलेली कुंपणं, रस्ता वाहनांना खुला. सलग मॅरेथॉनच्या मालिका बऱ्याचदा छोट्या फेऱ्यांवर घेतात. अमेरिकेतल्या मेनली मॅरेथॉन्सच्या मालिकेत रोज नवं राज्य, पण मार्ग तसाच छोटा, पुन:पुन्हा घालायचा. काही ठिकाणी फेरी मोजायला रबर बँड देतात. फेरी झाली की एक. फेऱ्यांमुळे सगळ्यात वेगवान माणूस सगळ्यात सावकाश माणसाला दिवसातून अनेकदा भेटतो. दुसऱ्या दिवसापर्यंत नावं पाठ होतात, तिसऱ्या दिवसापर्यंत कुणाचा कुठला गुडघा दुखतो तेही. त्याच त्या टेबलावरून पंधरावी फेरी घालणं कंटाळवाणं आहे, हे मान्य. पण मागे राहणाऱ्याला रस्त्यात सोबत मिळते ती याच कंटाळ्यापायी.

आता थोडे ज्ञात चेहरे. १९८० मध्ये टेरी फॉक्स हा कॅनडाचा तरुण एका कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला, कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसा उभा करायला. लक्ष्य रोज जवळपास एक मॅरेथॉन. कृत्रिम पायातली स्प्रिंग पुन्हा जागेवर यायला क्षणभर लागे, म्हणून चांगल्या पायावर तो दोनदा उडी घेई. ती लंगडती लय १४३ दिवस चालली, ५,३७३ किलोमीटर. कर्करोग फुप्फुसांत पसरल्यावर त्याला थांबावं लागलं.

ब्रिटिश विनोदी कलाकार एडी इझार्ड यांनी २००९ मध्ये जेमतेम पाच आठवड्यांच्या तयारीवर ५१ दिवसांत ४३ मॅरेथॉन केल्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत २७ दिवसांत २७ करायला त्या गेल्या, आणि चारनंतर तब्येतीने घरी पाठवलं. २०१६ मध्ये पुन्हा गेल्या. मध्ये एक दिवस हातचा गेला, म्हणून शेवटच्या दिवशी दोन मॅरेथॉन करून हिशोब मिटवला. आम्हाला यातली २०१२ ची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. चारवर थांबता आलं, म्हणून चार वर्षांनी परत जाता आलं.

आणि इंग्लंडमधले गॅरी मॅकी. २०२२ मध्ये वर्षभर रोज एक मॅरेथॉन, सगळ्या ३६५. नोकरी चालूच. कामाची पाळी सांभाळून धावायचं. त्यांची गती आपल्या धावपटूपेक्षा बरीच जास्त, पण कोडं तेच होतं, चोवीस तासांत हे सगळं कोंबायचं कसं.

(पडद्यावर: पाचव्या दिवसाचं घड्याळ, ७ तास ०९ मिनिटं.)

पाचवा दिवस. पहिल्या दिवशी तिला सात तास दोन मिनिटं लागली होती, आज सात मिनिटं जास्त. पहिल्या दिवशी चार तासांत पोचलेले काही जण आज साडेपाच तास घेऊन पोचलेत, एक-दोघं आलेच नाहीत. ती रेषा ओलांडते, पदक घेते, खुर्ची मागते. खुर्चीत बसणं सोपं. उठवायला दोघं लागतात.

पुढचे दोन आठवडे धावणं बंद. झोप येईल तेवढी. सर्दी-पडसं व्हायची शक्यता, म्हणून गर्दीत जाणं टाळायचं. मांड्या आठवड्याभरात ताळ्यावर येतात, कंडरांना वेळ लागतो. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. ते गळेल, आणि तिथे नवं नख पूर्ण यायला वर्षभर तरी लागेल. पुढच्या मालिकेची नावनोंदणी त्याच्या बरीच आधी सुरू होते.